भादव्यातली कातरणी

येडू आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आला, तेव्हा त्याचं सामान म्हणजे मागाचं लाकूड होतं. भांडी एका पोत्यात मावली. मागाला मात्र दोन खेपा लागल्या. मी गिरणीच्या गोदामात गासड्या उचलायचो, त्यामुळे माणूस ओझं कसं धरतो हे माझ्या नजरेत आधी येतं. येडूनं लाकूड मधोमध न धरता जड टोकाकडून धरलं होतं. त्यावरून हा माणूस कामाचा आहे, एवढं मला कळलं. नाव-गाव नंतर विचारलं.

तो नातेपुत्याकडचा धनगर. मेंढरांत रोग शिरला आणि कळपातली बहुतेक गेली. उरली ती त्यानं मेहुण्याच्या, बिरदेवाच्या कळपात सोडली आणि सोलापूरची वाट धरली. काही महिने गिरणीत काढले. तिथला आवाज त्याला सोसेना. मग बापाकडून शिकलेलं घोंगडी विणायचं काम त्यानं पुन्हा हातात घेतलं. ही गोष्ट सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराची.

आमच्या खोल्या गिरणीच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून होत्या. जमीन मातीची. येडूनं खोलीतच खड्डा खणला, त्यात पाय सोडून बसायचं आणि पुढे माग. सोलापूरची जमीन वरून काळी आणि खाली मुरमाड. तो खड्डा त्यानं पहारीनं एकट्यानं खणला. खिडकी एकच, उत्तरेची. वर्षभरात कधी ऊन आत आलं नाही.

पुढच्या वर्षी त्याची बायको फुलाबाई आली. लेक मोहोळला दिलेली, त्यामुळे गावाकडे तिला अडवणारं कोणी नव्हतं. उंच बाई. आवाज रानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारायच्या सवयीचा. ती खोलीत नवऱ्याशी बोलायची आणि नळावरच्या बायका तिला उत्तर द्यायच्या.

तिनं आल्या आल्या डब्यात तुळस लावली. तुळस मेली. मेथी टाकली, ती दोऱ्यासारखी पिवळी वाढली आणि आडवी झाली. दुसरी तुळस आणली, तीही गेली. तोवर दिवाळी उलटली होती. बिरदेवाचा कळप दर वर्षी दसऱ्यानंतर सीनाकाठाकडे उतरायचा आणि सोलापूरच्या बाहेरच्या माळावर एक-दोन मुक्काम करायचा. त्या वर्षी कळपाला उशीर झाला होता. कळप आल्याचं कळलं आणि फुलाबाईनं बोचकं बांधलं.

"आवं, ऐकलं का," ती म्हणाली. मधे भिंत होती तरी मला सगळं ऐकू येत होतं. "हितं पाला जगत न्हाय. मग बाईमाणूस कसं जगंल? मी चालले बिरदेवासंगं. तुमी बसा तुमच्या खड्ड्यात."

"आगं, आता आलीस की तू."

"आले, बघितलं, झालं. सूत कुटंबी कातता येतं. मेंढरामागं चालता चालता कातीन."

येडूच्या मागाचा आवाज थांबला. तो खड्ड्यातून वर आला. मग म्हणाला, "येक वरीस दे. फुडच्या दसऱ्यापतोर हितं काय तरी हिरवं जगवून दावतो. न्हाय जगलं तर जा. मी अडवायचा न्हाय."

"आणि म्या तेला पानी घालायचं व्हय?"

"न्हाय. हात बी लावू नगंस."

"कबूल हाय. पर मग रडू नगा."

बोचकं सुटलं. येडूनं शब्द तर दिला. त्या खोलीत काय जगतं हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तो पुढचे काही आठवडे लोकांच्या दारातल्या कुंड्या बघत फिरला. जे दिसे ते उन्हातलं.

पौषात त्याला रेल्वेलाइनीपलीकडच्या एका बंगल्यावर घोंगडी पोचवायची होती. बंगल्याचा माळी चन्नप्पा, अक्कलकोटकडचा लिंगायत, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. येडू त्याच्यासाठी व्हरांड्यात थांबला. व्हरांडा उत्तरेचा. तिथे भिंतीलगत कुंड्यांची रांग होती आणि कुंड्यांत वेतासारख्या पेरापेरांच्या काठ्या उभ्या होत्या. पानं लांबट, एका बाजूला फुगीर, वरून हिरवी आणि त्यांवर चांदीचे ठिपके, खालून लाल. काठीच्या शेंड्याला गुलाबी फुलांचे घोस खाली लोंबत होते. येडूनं पान उलटं करून पाहिलं. मग वर आभाळाकडे पाहिलं. ऊन कुठेच नव्हतं.

"ह्ये सावलीत जगतं व्हय?" त्यानं विचारलं.

"सावलीतच जगतं," चन्नप्पा म्हणाला. "बाईसाहेब बेगोनिया म्हणतात. मी ठिपक्याचं झाड म्हणतो. ऊन दाखवलं की पान भाजतं. उजेड मात्र पाहिजे. येडप्पा, तुला कशाला पाहिजे हे? मेंढरं खातील?"

"मेंढरं न्हायती आता. बाईल हाय."

"ती खाईल?"

"ती जाईल," येडू म्हणाला आणि त्याला सगळं सांगितलं.

चन्नप्पा हसला नाही. वाकड्या वाढलेल्या दोन काठ्या त्यानं पेराच्या खाली तोडून दिल्या. खालची पानं काढून टाकली, शेंड्याची तेवढी ठेवली. काय करायचं तेही सांगितलं. आधी नुसत्या पाण्यात ठेव, मुळ्या फुटतील. माती भुसभुशीत पाहिजे, काळी चिकण चालायची नाही. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही. पानावर पाणी उडवायचं नाही. आणि येडू फाटकाबाहेर पडेपर्यंत तो मागून ओरडत राहिला, "नीर ब्याड, येडप्पा, नीर ब्याड!" म्हणजे पाणी नको. झाडं तहानेनं थोडी मरतात, लोकांच्या हातानं जास्त मरतात, असं त्याचं म्हणणं होतं.

येडूनं काठ्या काचेच्या बाटलीत ठेवल्या आणि बाटली खिडकीत. पाणी गढूळ होऊ लागलं की बदलायचा. फुलाबाई चातीवर सूत काढत बसलेली असायची. ती बाटलीकडे बघायची आणि पुन्हा चाती फिरवायची. 

पेरातून पांढऱ्या मुळ्या फुटल्या, तेव्हा त्यानं मला हाक मारली. मी गेलो, बघितलं. मग मातीचं काम निघालं. आमच्या गल्लीतली माती काळी, ओली झाली की दगड आणि वाळली की भेगा. आम्ही दोघं ओढ्यावरून वाळू आणली. वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन एवढी वाट चालणं सोपं नाही; ती सारखी खाली बसते आणि मान एका बाजूला ओढते. कडुनिंबाखालचा कुजका पाला चाळून घेतला. मेंढरांच्या लेंड्यांचं जुनं खत येडूनं बिरदेवाच्या ओळखीच्या माणसाकडून मागवलं. नवं खत वापरायचं नाही हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. कुंडी म्हणजे फुटलेल्या माठाचं बूड. बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. तडा न जाऊ देता माठाला भोक पाडायला हात हलका लागतो. येडूला ते जमलं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. सोलापूरचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. दुपारी वारा सुटतो तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. येडूनं पाणी वाढवलं नाही. त्यानं कुंडी खिडकीतून काढून घडवंचीच्या खालच्या फळीवर, पाझरणाऱ्या माठाजवळ ठेवली. माठाचं पाणी कुंडीत पडायचं नाही, पण तिथली हवा ओलसर असायची. खिडकीला गोणपाट लावलं आणि ते दिवसभर भिजवत राहिला. मागावरून उठायचं, खड्ड्यातून वर यायचं, गोणपाट भिजवायचं, पुन्हा खाली उतरायचं. खड्ड्यात बसणाऱ्याचे गुडघे असं उठून बसायला कुरकुरतात. त्यानं ते सगळा उन्हाळा केलं.

"माज्यासाठी कदी गोनपाट भिजवलं न्हाई," फुलाबाई म्हणाली.

"तू बी त्याच खोलीत हाईस की. गारवा तुला बी लागतोय."

"व्हय, झाडाच्या किरपेनं."

मृगानंतर झाड वाढायला लागलं. पेरापेरानं वर चढलं. बुडातून आणखी काठ्या आल्या. आषाढात पहिला घोस लोंबला. फुलं पूर्ण उमललेलीच गळून पडायची, अगदी नवी कोरी, आणि खाली लोकरीत मिसळायची. सूत काढताना त्या पाकळ्या मधे यायच्या. फुलाबाई त्या वेचून बाजूला ठेवायची. झाडाला हात लावला असं त्याला म्हणता येत नव्हतं. मला वाटायचं, ही आता राहते. येडूलाही तसंच वाटत असावं, पण तो बोलून दाखवत नव्हता.

भादव्याच्या सुरुवातीला फुलाबाई लेकीकडे मोहोळला गेली. दसरा सव्वा महिन्यावर आला होता. झाड तोवर उंच झालं होतं आणि खिडकीच्या उजेडाकडे ओढून काठ्या वाकल्या होत्या. एक तर जवळजवळ आडवी झाली होती. चन्नप्पानं अशा वेळी बांबूची काडी रोवून सैल बांधायला सांगितलं होतं. पण येडूनं दुसरंच केलं.

घोंगड्याचा ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, कच्चा असतो. लोकरीचं सूत लुळं पडतं, तुटतं. म्हणून चिंचोके भाजून, सोलून, दळून त्याची खळ शिजवतात आणि ताणलेल्या सुताला कुंच्यानं चोपडतात. खळ वाळली की सूत तारेसारखं ताठ होतं. चिंचोके दळणं हे फार कष्टाचं काम आहे. जातं ओढणाऱ्याचे खांदे भरून येतात. येडूनं त्या दिवशी ताण्यासाठी खळ केली होती. थोडी उरली. समोर लुळ्या काठ्या दिसत होत्या. लुळ्याला खळ, हे त्याच्या हातात लहानपणापासून बसलेलं. त्यानं कुंचा घेतला आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सगळ्या काठ्या चोपडल्या. पानांच्या खालच्या बाजूही सोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी झाड ताठ उभं होतं आणि चकाकत होतं. येडूनं मला दाखवलं. मलाही ते बरं दिसलं. आम्ही दोघंही समाधानानं बघत उभे राहिलो.

मग मुंग्या आल्या. हवा दमट होती. खळीवर पांढरी बुरशी धरली, मग काळी. पानं एकेक करून गळाली. काठ्यांना काळे डाग पडले आणि ते मऊ झाले. येडूनं पाणी थांबवलं, कुंडी हलवली, काठ्या पुसल्या. खळ आत बसली होती. ओल्या फडक्यानं पुसली की आणखी चिकट व्हायची. फुलाबाई परत आली तेव्हा कुंडीत नागड्या काळ्या काठ्या उभ्या होत्या.

मी तेव्हा त्यांच्या दारात बसलो होतो. ती आत गेली.  

येडूच आधी बोलला. "तू जा बिरदेवासंगं. मी बोललो तसं झालं न्हाई. पाला जगला हुता, म्याच मारला."

"काय केलं तुमी ह्येला?"

"काट्या वाकल्या हुत्या. तू येशील तवा ताठ दिसाव्यात म्हनून खळ लावली."

"खळ?"

"चिंचोक्याची."

आणि मग ती हसली. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं हसली. नळावरच्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं, तर ती तिथूनच ओरडली, "आमच्या ह्येंनी झाडाचं घोंगडं केलं!" येडू खड्ड्याच्या काठावर मान घालून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

हसू थांबल्यावर ती कुंडीपाशी बसली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं झाडाला हात लावला. काठी नखानं खरवडून बघितली, वरून खाली. वर काळं होतं. बुडाजवळ, मातीच्या वर दोन पेरांपर्यंत, आत हिरवं होतं.

"उठा. कातर द्या."

"कंची?"

"मेंढराची. दुसरी हाय का तुमच्याकडं?"

ती कातर गावाहून आलेली, लोखंडी, दोन पात्यांची, मेंढरं गेल्यापासून छपराला खोचून ठेवलेली. येडूनं ती काढली, गंज घासला. फुलाबाईनं काठ्या बुडाशी, हिरव्या पेराच्या जरा वर, एकेक करून कापल्या. कातर धरायची तिची रीत बघण्यासारखी होती. एका हातानं काठी धरलेली, दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याच्या मागे, आणि एका दाबात स्वच्छ काप. कुठे चेंदलं नाही, सालपट ओढलं नाही. कापलेल्या टोकांना तिनं चुलीतली चाळलेली राख दाबली. उरलेल्या बुंध्यांवरची खळ कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडी केली.

"मरंल की आता," येडू म्हणाला.

"मेंढरू कातरलं म्हंजी मरतं व्हय? भादवा हाय. ह्या टायमाला आपल्याकडं काय करत्यात? खळ लावत्यात?"

येडू हसला. मला वाटतं, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर कुंडीचं काम तिनं घेतलं, त्याला हात लावू दिला नाही. माती बोटानं चाचपायची, कोरडी लागली तर वाटीनं पाणी, तेही बुंध्यापासून दूर. येडू दुरून बघायचा. पण जायचं रद्द झालं, असं ती म्हणाली नव्हती. बोचकं बांधलं नव्हतं, तसं उलगडून सांगितलंही नव्हतं. ठरलेला दसरा आला तरी झाडावर एक पान नव्हतं. पैज येडू हरला होता, आणि फुलाबाई शब्दाची पक्की होती. येडू त्या दिवसांत रोजच्याहून जास्त विणायचा. बायको जायची असेल तर तिच्या अंगावर नवं घोंगडं असावं, एवढंच तो मला म्हणाला.

दसरा झाला आणि बिरदेव आला. कळप माळावर बसवून तो एकटा चाळीत आला. डोक्याला लाल पटका, हातात काठी. दारात उभा राहिला.

"आक्का, यायचं न्हवं? दाजी म्हनलं हुतं, वरसानं सोडतो."

येडूनं घडी घातलेलं घोंगडं आणून खाटेवर ठेवलं.  मी उंबऱ्यापाशी होतो. जावं की थांबावं हे मला कळत नव्हतं, म्हणून थांबलो.

फुलाबाई उठली. घडवंचीजवळची कुंडी उचलून बिरदेवासमोर ठेवली. कापलेल्या बुंध्यांच्या मधून, मातीतूनच, लाल कोंब वर आले होते. बोटभरसुद्धा नव्हते.

"ह्ये काय?" बिरदेव म्हणाला.

"कातरलंय. नुकतंच."

"मग?"

"मग काय? थंडी तोंडावर आली. तू कातरलेलं जनावर उघड्यावर टाकून कदी गेलास व्हय?"

बिरदेवानं कुंडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, मग येडूकडे. "आक्का, ही काटकी हाय."

"तुज्या मेंढराला बी लोक चार पायाचं काटकंच म्हनत्यात. अंगावर लोकर येऊ दे. मग बघू."

"किती दिस लागत्याल?"

"तुला काय घाई? तुजी मेंढरं थांबल्याती. जा."

बिरदेव भाकरी खाऊन उठला. तिनं खाटेवरचं नवं घोंगडं उचललं आणि भावाच्या खांद्यावर टाकलं. येडू खड्ड्यात उतरला आणि मागावर बसला. त्या दिवशी त्यानं आडव्या सुताचा धोटा कितीदा चुकीचा टाकला ते मी मोजलं नाही, पण ठोक्याचा ताल बिघडलेला भिंतीतून कळत होता.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड पहिल्याहून दाट झालं. वाकलेल्या काठ्यांना येडूनं बांबूच्या कामट्या लावल्या आणि लोकरीच्या सैल दोऱ्यानं बांधल्या. खळीचं भांडं तो त्या बाजूला नेईना. आषाढात घोस आले. श्रावणात झाड पूर्ण भरलं. आणि भादवा लागताच फुलाबाईनं छपराची कातर काढली आणि चांगलं फुललेलं झाड बुडाशी कापून टाकलं.

कापलेल्या काठ्या तिनं चाळीत वाटल्या. आमच्याकडेही एक आली. चन्नप्पा एकदा घोंगडं न्यायला आला होता, त्यानं ते उघडं खोड बघून कपाळाला हात लावला.

"अव्वा, आता कशाला कापलं? हे फाल्गुनात कापतात. पुढे वाढीचे दिवस असतात. आता कापलं तर थंडीत बसून राहतं."

"आमच्यात भादव्यात कातरत्यात."

"तुमच्यात फाल्गुनातपण कातरतात की. मला माहीत आहे."

"तवा लोकर आखूड निघती," ती म्हणाली आणि सूत काढायला बसली.

चन्नप्पानं येडूकडे बघितलं. येडूनं धोटा टाकला आणि ठोका मारला. चन्नप्पा बरोबर बोलत होता हे येडूला कळत होतं. मलाही कळत होतं, कारण माझ्या घरचं मी फाल्गुनात कापायचो आणि ते जास्त फुलायचं. येडूनं तिला तसं कधी सांगितलं नाही. फाल्गुनात कातर छपरालाच राहायची. भादव्याच्या आधी तो ती खाली काढून, घासून, धार बघून ठेवायचा.

दर वर्षी दसरा झाला की बिरदेव यायचा. पहिली काही वर्षं तो विचारायचा, "आक्का, यायचं न्हवं?" ती कुंडी पुढे करायची. पुढे त्यानं तो प्रश्न सोडला. दारात काठी टेकायचा, पाय धुवायचा, आत बसायचा आणि घडवंचीकडे बघून विचारायचा, "कातरलं का?"

"व्हय," फुलाबाई म्हणायची. "बस. भाकरी टाकते."